धवलेरीची अट

“लगीन कोणाचं?” नवशी डोशीने विचारलं.

मी म्हटलं, कोणाचंच नाही. नुसतं गाणं म्हण. मी हे बटण दाबते, तू म्हण, संपलं की पुन्हा दाबते.

तिने टेपरेकॉर्डर हातात घेतला, उलटा केला, हलवून पाहिला आणि शिळा मासा बाजूला सारावा तसा माझ्याकडे सरकवला. मग पुन्हा वालाच्या शेंगा सोलायला लागली. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, पाड्यातली पहिली कॉलेजवाली मुलगी समोर बसली आहे याचं तिला काडीचं कौतुक नव्हतं.

डोशी म्हणजे म्हातारी, आणि नवशी डोशी आमच्या खोरीपाड्याची धवलेरी. आम्हा वारल्यांची लग्नं भटजी लावत नाही, बाई लावते. तिला धवलेरी म्हणतात. पोथी नाही, पुस्तक नाही. दोन दिवस चालणारं सगळं लग्न ती गाण्यातून लावते: मांडवाचे बांबू तोडण्यापासून देव मांडवात येऊन बसेपर्यंत. डहाणूच्या पूर्वेला, आमच्या बाजूच्या पंधरा-वीस पाड्यांत हे गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत येणारी आता एकटी नवशी उरली होती. तिच्यामागे ओळ धरणाऱ्या दोन बाया होत्या, त्या एकापाठोपाठ एक गेल्या. आणि लोकांनी मांडवात लाऊडस्पीकर आणायला सुरुवात केली होती. दोन वर्षांत नवशीला एकाही लग्नाची हाक आली नव्हती.

हे मी नाशिकला कॉलेजात आमच्या मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाटातून टेपरेकॉर्डर काढून माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, होळीच्या आत रेकॉर्ड करून आण, हाच तुझा प्रबंध. मी चार कॅसेट घेतल्या आणि एसटीत बसले. मला वाटलं होतं, एका दुपारचं काम आहे.

“हेर पोशी,” नवशी शेंगेतून दाणा काढत म्हणाली. पोशी म्हणजे पोरगी, आणि हेर म्हणजे बघ. “मी गायला बसली का देवांना हाक जाते. हाक गेली का ते निघतात. घाट उतरून, नदी ओलांडून अठं येतात. आन् येऊन काय बघतील? तुझी डबी?”

मी टेपरेकॉर्डर मांडीवर ओढून घेतला.

“मांडव नाय, नवरा नाय, नवरी नाय. देव रिकाम्या हाताने परत जात नाय. समोर दिसेल त्याचं लगीन लावून जातील. तुझं आन् डबीचं लावतील. चालेल तुला?”

मी हसले, ती हसली नाही. तिच्या मावशीने म्हणे एकदा भाताची लावणी करताना उगाच गंमत म्हणून दोन ओळी गायल्या होत्या, तर त्या वर्षी पाड्यातल्या सात पोरी पळून गेल्या. सातही जणींची नावं नवशीने मला मोजून सांगितली. त्यांतली एक माझी आत्या निघाली.

“जोडपं आण,” ती शेवटी म्हणाली. “ज्यांचं लगीन लागायचं आहे असं कोणतंबी. मग मी गाईन. तुझी डबी मांडवाच्या खांबाला बांध, मला काय.”

पुढचे आठ दिवस मी जोडपं शोधत हिंडले. भात झोडून कणग्यांत गेलं होतं, लोक निवांत होते, लग्नाच्या गोष्टी चालू होत्या. पण जिथे जावं तिथे स्पीकर ठरलेला. एका नवरदेवाने मला विचारलं, डोशी लायटिंग पण आणते काय? दुसऱ्याच्या आईने नवशीचं नाव ऐकून डोळ्यांना पदर लावला, फार बेस गायची म्हणाली, आणि मग सांगितलं की बँडवाल्याला सुपारी देऊन झाली आहे. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. होळी जवळ येत होती. नवशी तर दिवसेंदिवस जास्तच खोकत होती.  प्रबंधाचं तर होतंच, पण खरी भीती वेगळी होती. ही म्हातारी गेली की सगळं गाणं तिच्याबरोबर मातीत जाणार, आणि टेपरेकॉर्डर हातात घेऊन आपण नुसती बघत राहणार.

आठव्या दिवशी घरी येऊन मी चुलीपाशी बसकण मारली आणि सगळ्या पाड्याच्या नावाने खडे फोडले. आयस, म्हणजे माझी आई सोनकी, करांद्याचे कंद उकडत होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, झाकण काढून एक करांदा टोचून पाहिला आणि म्हणाली, “आमचं लाव ना.”

“तुमचं काय?”

“लगीन. माझं आन् तुझ्या बासचं. लागलंय कठं?”

बास म्हणजे माझा बाप. या दोघांचं लग्न लागलेलं नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आपल्याच पाठीवरचा तीळ आपल्याला माहीत असतो, तसं माहीत होतं. आमच्यात हे नवलाचंही नाही. जोडपं आधी एकत्र राहायला लागतं, लग्न सवडीने लागतं. आयस बासबरोबर नांदायला आली त्या वर्षी आजोबा वारले. पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही. मग माझा जन्म, मग माझ्या भावाचा. दर वर्षी बास म्हणायचा, होळीनंतर लावू. अशा पंचवीस होळ्या जळून गेल्या होत्या. आयस सगळ्यांच्या लग्नांना जायची, पण चौकाच्या खोलीत तिला प्रवेश नव्हता. भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहायला सवासिनी लागतात, म्हणजे ज्यांचं लग्न लागलं आहे अशा बाया. आयस आपली मांडवाच्या कडेला, धवलेरीच्या पाठीमागे, भात कांडत बसायची. लहानपणी मला वाटायचं, तिला कांडायला आवडतं.

मी उडी मारून उभी राहिले. नवशीकडे धावत जाऊन सांगितलं. ती म्हणाली, “बेस.” एवढंच. मला वाटलं होतं, निदान हसेल.

आता राहिला बास. माझा बाप लाडक्या हा पाड्यातला सगळ्यात चांगला ताडी काढणारा आणि सगळ्यात लाजाळू माणूस. लोकांत बसला तर तोंडातून शब्द फुटायचा नाही. मात्र ताडाच्या शेंड्यावर चढला की तिथून आरोळ्या मारून चार शेतं पलीकडच्या माणसाशी गप्पा मारायचा. लग्नाचं कळल्यावर त्याने काय केलं, तर सकाळी ताडावर चढला आणि दुपार झाली तरी खाली उतरला नाही.

आयस आणि मी झाडाखाली जाऊन उभ्या राहिलो.

वरून तो सांगत होता की लोक हसतील. केस पिकले, आता अंगाला हळद लावू? पोरगी कॉलेजात आणि मी घोड्यासारखा मांडवात उभा? गाण्यासाठी लगीन करायचं म्हणजे काय, डोशीला म्हणावं एखादी बकरी-बोकडाची जोडी बघ. मी खालून त्याला परंपरा, संस्कृती, वारसा असले शब्द ऐकवत होते. नाशिकला शिकलेले सगळे शब्द संपले, पण झाड हललं नाही.

मग आयसने मला मागे सारलं. तिने आवाज चढवला नाही, तरी त्याला वर ऐकू गेलं.

“पंचवीस वर्षांत मी तुझ्याकडे काय मागितलं?”

 बास खरंच आठवत होता. तो प्रामाणिक माणूस आहे.

“एकदा कंदील मागितलास,” तो म्हणाला.

“दिलास?”

वर एक झावळी हलली.

“नाय.”

 थोड्या वेळाने पायांना बांधलेल्या दोराचा आवाज आला आणि बास हळूहळू खाली उतरला. माझ्याकडे न बघता म्हणाला, मांडवाला बांबू लागतील, कोयता कुठे आहे.

असं माझ्या आईबापाचं लग्न ठरलं. मी आणि भाऊ वऱ्हाडी, यजमान, वाढपी, सगळं आम्हीच. पहिल्यांदा जे हसले तेच लोक दुसऱ्या दिवशी उंबराची फांदी, कोंबड्या, तांदूळ घेऊन आले. पंचवीस वर्षं जुन्या नवरा-नवरीला हळद लावायला बायांची नुसती झुंबड. बासच्या कानामागे, नाकात, मिशीत हळद भरली. तो डोळे मिटून बसला होता, इंजेक्शन घेणाऱ्या माणसासारखा. भिंतीवर चौक लिहून झाला आणि त्यावर कापड टाकलं. लग्न लागेपर्यंत देवी कोणाला दाखवत नाहीत.

नवशी आली. धुतलेलं लुगडं, हातात सूप, सुपात तांदूळ. खोलीच्या दारात मांडी घालून बसली, तांदळावर बोटं फिरवली आणि गायला लागली. मी तिला लहानपणी ऐकलं होतं, पण ऐकलं नव्हतं. आवाज मोठा नव्हता, गोडही नव्हता. पण ती न थांबता, घाई न करता एकेका गोष्टीला नावाने बोलावत होती. बांबूला, उंबराला, भाताच्या दाण्याला, कोंबड्याला. 

धरतरी कशावर उभी?
धरतरी कणसावर उभी.
कणीस कशावर उभं?
कणीस पाण्यावर उभं.

मी टेपरेकॉर्डर खांबाला बांधला होता आणि स्वतःवर खूश होते. दुपारी पहिली कॅसेट संपली. मग दुसरी. मग तिसरी. चौथी लावताना मी नवशीच्या शेजारणीला विचारलं, आता किती राहिलं? ती म्हणाली, गाण्यात अजून मांडवाचे खांब रोवायचे आहेत. चौथी कॅसेट खट्‌ करून थांबली तेव्हा गाण्यात देवांना नुसती हाक गेली होती, ते अजून निघालेही नव्हते. दोन दिवसांचं गाणं मी सहा तासांत बसवायला निघाले होते. एम.ए.ला असून साधा भागाकार केला नव्हता. डहाणूला जाऊन कॅसेट आणायच्या तर लग्नघरातून लेक उठून जाणार कशी? मी खांबापाशी बसून रडले. लग्नात रडणारी पोरगी म्हणून कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

पण खरा घोटाळा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला.

गाण्यात देव घाट उतरले होते आणि नदीपाशी आले होते. इथून त्यांना वाटेवरच्या प्रत्येक पाड्याचं, ओढ्याचं, झाडाचं नाव घेत मांडवापर्यंत आणायचं असतं. ते पोचले की चौकावरचं कापड निघतं आणि लग्न लागतं. नवशी खोकली. पाणी प्यायली, पुन्हा खोकली. तोंड उघडलं तर नुसती हवा आली. ताडी दिली, मध दिला, आल्याचा रस दिला. आवाज येईना.

 अर्धं लग्न म्हणजे आमच्यात फार वाईट. देव नदीवर खोळंबले आहेत आणि पुढची वाट सांगणारं कोणी नाही. म्हाताऱ्या बाया एकमेकींना विचारायला लागल्या. एकीला एक पाडा आठवे, दुसरीला एक ओढा, पुढचं कोणालाच नाही. नवशीने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती येऊन थांबली नवरीवर. डोक्यावरून पदर घेऊन, पिवळीधमक होऊन बसलेल्या माझ्या आईवर.

“तुला येतं,” नवशी घोगऱ्या आवाजात कुजबुजली.

पदराआड डोकं हललं. हो.

मांडवातल्या बायांनी तोंडाला हात लावले. मी तर आ वासून बघत राहिले. पण अडचण लगेच सगळ्यांच्या लक्षात आली. जिचं लग्न लागलं नाही तिने हे गाणं गायचं नाही, हा नियम. आणि ती गायली नाही तर तिचं लग्न लागायचं नाही. शिवाय नवरीने तर मांडवात तोंडच उघडायचं नसतं. कुलपाची किल्ली कुलूप लावलेल्या घरातच राहावी, तसं झालं.

नवशीने सूप मांडीवर घेतलं, तांदळात बोट फिरवत विचार केला. मग तिने बासला बोलावलं.

“तू गा.”

बासने मागे कोणी उभं आहे का पाहिलं.

“ही तुझ्या कानात सांगेल. तू गा.”

म्हातारी मंडळी कुरकुरली. पुरुषाने कधी गायलंय का? नवशी त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज एवढा बसला होता की ऐकायला सगळ्यांना वाकावं लागलं.

“हाक मी मारली. ती बाईनेच मारायची. आता देव नदीवर येऊन बसलेत. त्यांना नुसती वाट दाखवायची आहे. वाट तर कोणीबी दाखवतो.”

 माझा बाप, जो चारचौघांत “पाणी दे” म्हणायला लाजायचा, तो हळद माखलेल्या तोंडाने उभा राहिला. आयसने पदर थोडा सरकवून त्याच्या कानाला तोंड लावलं. पंचवीस वर्षं संसार केलेला माणूस एवढ्यानेच लाल झाला. त्याने पहिली ओळ म्हटली ती फक्त त्याच्या मिशीला ऐकू गेली.

आयस पुन्हा कुजबुजली.

बास गायला, “मोठ्याने गा, देव अजून नदीवर आहेत.”

मांडव हसून लोळायचा बाकी राहिला. बासला कळेना आपलं काय चुकलं. पुढची ओळ त्याने ताडावरून मारतो तशी आरोळी ठोकून गायली आणि मग त्याला कोणी थांबवू शकलं नाही. नवशी सुपावर बोटांनी ठेका धरत होती, आयस कानात सांगत होती आणि बास देवांना आणत होता: करंजाच्या ओढ्यावरून, दोन आंब्यांच्या मधून, जुन्या गावठाणाला वळसा घालून. मध्येच त्याने “सरळ उभा राहा” हीसुद्धा ओळ लावली. नवशीने तिलाही ठेका दिला. वाटेतलं एकही नाव सुटलं नाही. आयस एकदाही अडखळली नाही.

देव मांडवात पोचले. चौकावरचं कापड बाजूला झालं आणि चांद-सूर्याच्या मधे पालघट देवी उभी दिसली. आयस-बासवर तांदूळ पडले. झालं, लागलं लग्न.

आणि त्याच क्षणी आयसने पदर मागे टाकला, बासच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि पुढची ओळ स्वतः उचलली. देव आल्यावर त्यांना बसायला पाट द्यायचा असतो, ते गाणं. तिचा आवाज भरदार होता. मी बावीस वर्षं या बाईच्या घरात वाढले, तिच्या हातचं खाल्लं, तिच्या शिव्या खाल्ल्या, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिने तो कुठे ठेवला होता कोण जाणे. मी पुन्हा रडले. या वेळी मात्र बायांनी मला जवळ घेतलं.

नवशीने सूप आयसच्या पुढ्यात सरकवलं आणि भिंतीला टेकून बसली. मी तिला पाणी द्यायला गेले, तेव्हा विचारलं की तुला हे माहीत होतं का.

“वीस वर्षं माझ्या पाठीमागे बसून भात कांडते,” ती म्हणाली. “मी ओळ म्हटली का मुसळ थांबायचं. ओळ मनात घेतली का परत चालू. मला काय कान नाय?”

मग मला जोडपं शोधायला आठ दिवस का हिंडवलंस, मी विचारलं.

“मी कोण सांगणार? ते तुझ्या आयसनेच बोलायचं होतं.”

कॉलेजात मी चारच कॅसेट दिल्या आणि बाकीचा सगळा प्रकार लिहून दिला. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि पुढच्या मोसमासाठी मला वीस कोऱ्या कॅसेट दिल्या. त्या होळीनंतर आयसला पहिली हाक आली ती लाऊडस्पीकर ठरलेल्याच घरातून. लग्नात वीज गेली, दोन दिवस आलीच नाही. पुढच्या वर्षी चार हाका आल्या. नवशी आणखी सहा वर्षं जगली आणि प्रत्येक मांडवात आयसच्या शेजारी बसून, कुठे चुकते का बघत राहिली. आता मी शाळेत शिकवते आणि सुट्टीत आयसच्या मागे बसून ओळ धरते. माझं लग्न वेळेवर लागलेलं आहे, त्यामुळे माझ्याकडे कसलीच सबब नाही.

आयस-बासचं लग्न लागलं त्या दुपारी, पंगती उठल्यावर मी आयसला एकटीला गाठलं. ती मांडवाच्या खांबाला टेकून पाय पसरून बसली होती. पलीकडे बास लोकांना पुन्हा पुन्हा तेच गाऊन दाखवत होता आणि कोणी थांब म्हटलं तरी थांबत नव्हता. मी म्हटलं, इतकी वर्षं तुला हे सगळं येत होतं. लग्न लागल्याशिवाय गाता येत नाही हेही माहीत होतं. मग बासला सरळ सांगायचं होतंस, मला धवलेरी व्हायचंय म्हणून. त्याने कधीच केलं असतं.

“केलं असतं,” आयस म्हणाली. “गाण्यासाठी केलं असतं.”

तिने हातावरची सुकलेली हळद चोळून काढली.

“मला पाहिजे होतं, त्याने माझ्यासाठी करावं. ताडावरून उतरला, तो काय गाण्यासाठी नाय उतरला.”